फोटो कालचा की पाच वर्षांपूर्वीचा? किनाऱ्यावर बसून फाईल तपासायची रीत

वाशिष्ठीचं पाणी चढतंय अशी नुसती कुजबुज झाली, तरी ग्रुपवर बुडालेल्या बाजारपेठेचे व्हिडिओ धडाधड येऊन पडतात. त्यात २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराचे जुने व्हिडिओ हमखास असतात. वादळाची सूचना आली की ३ जून २०२० च्या निसर्ग वादळातले उडालेले पत्रे आणि आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा पुन्हा हजर. हे फोटो खोटे नसतात, त्यांचा दिवस खोटा असतो. किनाऱ्यावरची बहुतेक फसवणूक याच जातीची आहे. कोणी फोटोशॉप घेऊन बसत नाही, जुनाच फोटो नव्या तारखेनं पुढे ढकलतात.

हा लेख ज्यांना अशा फाईलबद्दल काहीतरी उत्तर द्यावं लागतं त्यांच्यासाठी आहे: तालुक्याचा वार्ताहर, ग्रामपंचायतीचा सदस्य, पंचनाम्यासाठी बागेचे फोटो गोळा करणारा बागायतदार, आणि या विषयात प्रकल्प करू पाहणारे कॉलेजातले विद्यार्थी. बरेच जण एकदम कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेला फोटो ओळखणाऱ्या संकेतस्थळावर फाईल टाकून मोकळे होतात. आधी कळस, मग पाया. खालचा क्रम मुद्दाम पायापासून लावला आहे. पहिल्या दोन पायऱ्या चुकल्या तर पुढच्या सगळ्या वाया जातात.

मूळ फाईल मागा

व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो (लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल), पुन्हा दाबला जातो (कॉम्प्रेस होतो) आणि त्यातली कॅमेऱ्याची सगळी नोंद पुसली जाते. फोनचं मॉडेल, वेळ, ठिकाण, काही उरत नाही. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्यापर्यंत पोचायचं आणि त्याला सांगायचं, ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ पेपरक्लिपचं चिन्ह, डॉक्युमेंट, मग फाईल. असं केलं की फाईल जशीच्या तशी येते. माणूस जवळचा असेल तर केबल लावून घ्या, ते सगळ्यात बरं.

फॉरवर्ड आलेली साखळी उलटी चालायची तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ‘तुला कुणाकडून आला?’ ‘खरा आहे का?’ असं विचारू नका. लोक दुखावतात आणि उत्तरं बंद होतात.

फाईलच्या नावावर विसंबू नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोटोच्या नावात आयएमजी, मग आठ आकडी तारीख, मग डब्ल्यूए आणि क्रमांक असतो. ती तारीख त्या फोनवर फाईल आली त्या दिवसाची असते, फोटो काढल्याची नव्हे. ‘नावातच आजची तारीख आहे की’ हा युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल.

मूळ फाईल मिळालीच नाही तर? तर काम थांबत नाही, पण निष्कर्ष आखूड होतो. तो आखूड ठेवायची तयारी हवी.

ठसा घ्या, वही उघडा

फाईल हातात आली की ती उघडण्याआधी तिचा हॅश काढायचा. एसएचए-२५६ या पद्धतीने कुठल्याही फाईलचा ६४ चिन्हांचा एक ठसा तयार होतो. फाईलमधला एक बिट जरी हलला तरी ठसा पार वेगळा येतो. विंडोजमध्ये यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, लिनक्सवर एसएचए२५६सम. नाव बदलल्याने ठसा बदलत नाही. गॅलरीत फोटो फिरवून सेव्ह केला तर बदलतो.

मग तीन प्रती करा. एक पेन ड्राइव्हवर कुलूपबंद, एक कामासाठी, एक दुसऱ्या कुणाकडे. कामाच्या प्रतीवरच हात चालवायचा. वहीत लिहा: फाईल कोणी दिली, कधी, कशी, कुठल्या फोनमधून, ठसा काय. कागदाची वहीच बरी, कारण वादळात सगळ्यात आधी जाते ती वीज.

इथे एक पथ्य. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही हाती आलं तर प्रत करू नका, कोणाला पाठवू नका, स्वतः तपासू नका. थेट पोलिसांकडे जा. पैशाची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहे, आणि तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं पैसे अडवणं शक्य होतं.

फाईलच्या पोटातली नोंद वाचा

एक्झिफटूल हे फिल हार्वे यांचं मोफत साधन यासाठी पुरेसं आहे. ते फाईलमधली नोंद ओळीओळीने दाखवतं. त्यातल्या तीन जागा आधी बघा.

पहिली, दोन घड्याळं. फोटोत ‘काढल्याची वेळ’ ही फोनच्या घड्याळाची, म्हणजे भारतीय वेळ असते. लोकेशन चालू असेल तर जीपीएसची वेळ वेगळी नोंदली जाते, आणि ती जागतिक प्रमाणवेळेत असते. समजा हर्णै बंदरावरच्या एका फोटोत काढल्याची वेळ १६:१० आहे आणि जीपीएसची १०:४०. फरक साडेपाच तास, गणित जुळलं. आता कोणी फोनची तारीख मागे नेऊन फोटो काढला असेल, तर पहिलं घड्याळ खोटं बोलतं पण दुसरं उपग्रहाकडून आलेलं असतं. साडेपाच तासांचं नातं तुटतं. काही मिनिटांचा फरक मनावर घेऊ नका, फोन कधी कधी आधीचंच ठिकाण वापरतो. अर्थात दोन्ही नोंदी हाताने बदलता येतात, त्याच एक्झिफटूलने. त्यामुळे जुळलेलं गणित म्हणजे पुरावा नव्हे. न जुळलेलं गणित मात्र प्रश्न विचारायला भाग पाडतं.

व्हिडिओत हाच घोळ उलटा होतो. एमपी४ फाईलमध्ये बहुतेक फोन वेळ जागतिक प्रमाणवेळेतच लिहितात. दुपारी अडीचला काढलेला व्हिडिओ आत ०९:०० दाखवतो, आणि कोणीतरी छाती ठोकून सांगतं की व्हिडिओ सकाळचा आहे. साडेपाच तास मिळवल्याशिवाय व्हिडिओच्या वेळेवर बोलूच नये.

दुसरी जागा, आतलं लघुचित्र. फोटोच्या नोंदीत एक छोटी प्रतिमा साठवलेली असते. काही संपादन साधनं मोठा फोटो कापतात पण लघुचित्र जुनंच ठेवतात. दोन्ही शेजारी ठेवून बघा. कापून टाकलेला माणूस कधी कधी तिथे उभा असतो.

तिसरी, सॉफ्टवेअरचं नाव. तिथे संपादनाच्या ॲपचं नाव दिसलं म्हणून फोटो बनावट ठरत नाही. उजेड वाढवला, तिरका फोटो सरळ केला, तरी ते नाव येतं. नोंद करा आणि पुढे चला.

डोळ्यांनी बघा, आणि तिथीचं गणित करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण इथे किनाऱ्यावरचा माणूस बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा सरस ठरतो.

आधी उलटा शोध, म्हणजे फोटो टाकून त्याच्या आधीच्या प्रती शोधणं: गूगल लेन्स, टिनआय, यांडेक्स. व्हिडिओ असेल तर त्यातल्या चार-पाच चौकटी काढून शोधा. इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरमध्ये बसणारं साधन त्या चौकटी काढून देतं. जुना फॉरवर्ड असेल तर बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

मग गाड्यांच्या पाट्या: एमएच-०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. दुकानांच्या पाट्यांची लिपी. जांभ्याचे गडगे आहेत की काळ्या दगडाची भिंत. होडीच्या नाळेवरचा नोंदणी क्रमांक. ‘मालवण’ म्हणून आलेल्या व्हिडिओत पाट्यांवर तेलुगू दिसली की पुढचं सॉफ्टवेअर उघडायची गरज उरत नाही.

आता भरती. ‘समुद्र गावात शिरला’ अशा व्हिडिओसाठी यासारखी कसोटी नाही. दर्यावर्दी माणसाचा हिशोब सगळ्यांनी ऐकलेला असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास एक भरती, पहाटे तीनच्या सुमारास दुसरी, आणि ओहोटी नऊच्या आसपास. कोणी म्हणालं, ‘चतुर्थीचा सकाळी नऊचा व्हिडिओ, लाटा रस्त्यावर,’ तर काहीतरी जमत नाही. वादळाने पाणी फुगलेलं असेल, नाहीतर वेळ खोटी असेल. हा हिशोब ढोबळ आहे. अहवालात भरतीच्या अधिकृत तक्त्यातली वेळच लिहा. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, हेही ध्यानात ठेवा. २२ जुलै २०२१ ला शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. पाऊणपट केली की पावणेदहा येतात. म्हणजे सकाळी खाडीच्या मुखाशी पाणी चढत असताना वरून पुराचा लोंढा येत होता. त्या सकाळचे व्हिडिओ लावून बघताना हे गणित हाताशी असावं.

सूर्य. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे ‘समुद्रावरची पहाट’ म्हणून आलेल्या फोटोत क्षितिजावर सूर्य असेल तर तो फोटो एक तर संध्याकाळचा, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरचा. अपवाद आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मालवणकडे पाहिलं किंवा खाडीच्या पश्चिम काठावर उभं राहिलं तर पाण्यापलीकडे सूर्य उगवतो. सावलीवरून वेळ काढायला सनकॅल्क चांगलं आहे, पण लक्षात असू द्या: मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारी आपल्याकडे सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. परदेशी मार्गदर्शिकांत ‘दुपारची सावली उत्तरेला’ असं सरसकट लिहिलेलं असतं. आणि पावसाळ्यात सावली दिसली तर ना! चार महिने ही पायरी बहुधा सोडूनच द्यावी लागते.

जोडकाम शोधताना

जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत विभागून दाबला जातो. कापलेला तुकडा दुसऱ्या फोटोत चिकटवला की त्याच्या चौकोनांची जाळी नव्या जाळीशी सहसा जुळत नाही, आणि दाबाची पातळीही वेगळी असते. यावर बऱ्याच पद्धती उभ्या आहेत. त्यातली सगळ्यात लोकप्रिय म्हणजे नील क्रावेट्झ यांनी २००७ मध्ये मांडलेली एरर लेव्हल ॲनालिसिस, थोडक्यात ईएलए. फोटो पुन्हा ठरावीक पातळीवर दाबायचा आणि आधीच्या-नंतरच्या फरकाचं चित्र पाहायचं.

दिसायला चित्र फार पटण्याजोगं असतं, हाच त्याचा धोका. घरावर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीच्या कडा ईएलएमध्ये लखलखतात, लाटेचा पांढरा फेस लखलखतो, जाळ्याचे धागे लखलखतात. तिथे कोणीही काही चिकटवलेलं नसतं. तीव्र रंग आणि धारदार कडा तशाच वागतात. म्हणून ताडपत्रीची तुलना त्याच फोटोतल्या दुसऱ्या ताडपत्रीशी करायची, आभाळाशी नाही. एकच तुकडा दोनदा वापरलाय का हे शोधणारी साधनं तर कौलारू छपरावर हमखास फसतात. कौल कौलासारखंच दिसणार. व्हॉट्सॲपवरून तीन वेळा फिरून आलेल्या फाईलवर ईएलए चालवणं म्हणजे वेळेचा अपव्यय. ती पायरी गाळली असं अहवालात लिहा, त्यात कमीपणा नाही.

फोन कोणता?

दोन माणसं एकाच फोटोवर हक्क सांगतात तेव्हा हा प्रश्न येतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधला प्रत्येक पिक्सेल उजेडाला किंचित वेगळा प्रतिसाद देतो, आणि हा नमुना प्रत्येक सेन्सरचा निराळा. यान लुकाश, जेसिका फ्रिडरिक आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी २००६ मध्ये या खुणेवरून कॅमेरा ओळखण्याची रीत मांडली. तिला पीआरएनयू म्हणतात. संशयित फोनने एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे पन्नासेक फोटो काढायचे, त्यांतून दृश्य गाळून उरलेल्या गोंगाटाची सरासरी काढायची, आणि ती वादातल्या फोटोतल्या गोंगाटाशी ताडून पाहायची. एकसारखा पृष्ठभाग म्हणून प्रयोगशाळेत पांढरा पडदा लावतात. आपल्याकडे जुलैतलं भरून आलेलं आभाळ फुकट आहे.

विद्यार्थ्यांनी इथे हात घालावा. पायथॉनमधले मोफत कोड मिळतात आणि वर्गातल्या तीस जणांचे तीस फोन हाच विदासंच. पण नव्या फोनमध्ये अनेक चौकटी एकत्र करून एक फोटो बनवतात, व्हिडिओत हलणं सावरण्यासाठी चौकट सरकवतात. त्यामुळे जुन्या शोधनिबंधातले आकडे जसेच्या तसे येत नाहीत. ते का येत नाहीत, हाच प्रकल्प.

लपवलेली माहिती

याचं सगळ्यांना कुतूहल असतं आणि याची गरज सगळ्यात कमी पडते. तरी रीत सांगतो.

जेपेग फाईल एफएफ डी८ या दोन बाइटने सुरू होते आणि एफएफ डी९ ने संपते. हेक्स संपादकात (फाईलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात) फाईल उघडून तळाशी जा. एफएफ डी९ नंतर काही उरलेलं दिसलं, आणि ते ५० ४बी ०३ ०४ ने सुरू होत असेल, तर फोटोच्या शेपटीला झिप फाईल बांधलेली आहे. फोटो नेहमीसारखाच उघडतो, आत कागदपत्रं. बिनवॉक हे साधन असे तुकडे आपोआप शोधतं. मात्र लगेच आरोळी ठोकू नका. सॅमसंग आणि गूगलचे फोन हलता फोटो काढताना छोटा व्हिडिओ याच जागी जोडतात. शेपटीत एमपी४ निघाला तर तो बहुधा फोननेच ठेवलेला असतो.

याहून बारीक प्रकार म्हणजे पिक्सेलच्या रंगातला शेवटचा बिट बदलणं. १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी तीन रंग, प्रत्येकी एक बिट: ३ कोटी ६० लाख बिट, म्हणजे ४५ लाख बाइट. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन बाइट घेतं, तेव्हा पंधरा लाख चिन्हं एका फोटोत मावतात आणि डोळ्याला काही दिसत नाही. पण आकडेवारीला दिसतं. शेजारच्या दोन रंगमूल्यांची संख्या, एरवी कमीजास्त असणारी, अशा फोटोत एकसारखी व्हायला लागते. वेस्टफेल्ड आणि फिट्झमान यांनी १९९९ मध्ये याच खुणेवर काय-वर्ग चाचणी बसवली. नंतर २००१ मध्ये वेस्टफेल्ड यांनीच तिला चकवणारी एफ५ ही रीत काढली, आणि तीही पुढे पकडली गेली. हा खेळ असाच चालतो.

व्यवहारातली गोष्ट एवढीच की शेवटच्या बिटातला मजकूर व्हॉट्सॲपच्या दाबाखाली टिकत नाही, आणि शेपटीही गळून पडते. म्हणून शोधायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून आलेल्या, मेलने आलेल्या किंवा कार्डवरच्या फाईलमध्ये शोधा, त्यातही पीएनजी आणि बीएमपी आधी, कारण हे प्रकार पिक्सेल जसेच्या तसे साठवतात.

आवाजातली वीज

माझ्या आवडीची पायरी, म्हणून थोडी जागा जास्त. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ती तंतोतंत ५० कधीच नसते. मागणी-पुरवठ्याप्रमाणे सतत किंचित वरखाली होते. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यातून हा चढउतार रेकॉर्डिंगमध्ये उतरतो, बहुतेकदा १०० हर्ट्झच्या पट्टीत. रोमानियातल्या काटालिन ग्रिगोरास यांनी यावरून रेकॉर्डिंगची वेळ काढण्याचं काम पुढे आणलं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेल्यापासून भारताचं वीजजाळं एकाच तालावर चालतं. म्हणजे नागपुरात चोवीस तास नोंदवलेला चढउतार सावंतवाडीतल्या रेकॉर्डिंगशी ताडता येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, साउंड कार्ड आणि जुना संगणक लावून वर्षभराची नोंद ठेवता येईल. खर्च थोडा, उपयोग मोठा.

आणि रेकॉर्डिंगमधला ताल जाळ्याशी जुळत नसेल तर? वादळाच्या रात्री घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असणार. ‘लाईट गेली होती’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं पडताळायलाही हीच रीत चालते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फोटोंबद्दल थोडक्यात: कंटेंट क्रेडेन्शियल्स (फाईल कशी बनली याची जोडलेली नोंद) किंवा सिंथआयडी (फोटोत लपवलेली गूगलची खूण) यांसारखी खूण सापडली तर ती उपयोगाची, न सापडली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. टक्केवारी सांगणाऱ्या संकेतस्थळांचा आकडा अहवालात लिहू नका. शिवाय अपघातग्रस्ताचा फोटो अनोळखी संकेतस्थळावर चढवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

अहवाल आणि प्रमाणपत्र

‘फोटो खरा आहे’ असं कधीही लिहू नका. लिहायचं ते असं: ‘अमुक ठसा असलेली फाईल तपासली. आतल्या दोन वेळा साडेपाच तासांच्या फरकाने जुळतात. मागची दीपस्तंभाची दिशा सांगितलेल्या ठिकाणाशी जुळते. पाण्याची पातळी त्या वेळच्या भरतीशी विसंगत नाही. उलट्या शोधात आधीची प्रत आढळली नाही. जोडकामाची तपासणी फाईल संपादनाच्या ॲपमधून पुन्हा दाबलेली असल्याने केली नाही.’ वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्य स्वतः पडताळता आलं पाहिजे.

प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ बघा. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: पहिला फाईल सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅशचा ठसा व तो कुठल्या पद्धतीने काढला हे नोंदवावं लागतं. वहीतला तो ६४ चिन्हांचा आकडा इथे कामाला येतो. जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात असं प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. मालकाने मूळ यंत्रच साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्या निकालात म्हटलं होतं.

म्हणून ज्याने फोटो काढला त्याला शेवटचं एवढंच सांगा: प्रकरण मिटेपर्यंत फोन विकू नको, फॉरमॅट करू नको, आणि गॅलरीतला तो फोटो ‘जागा भरली’ म्हणून उडवू नको. फोन पाण्यात पडला असेल तर चालू करून बघायची घाई नको. चार्जर न लावता तसाच बंद ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि त्याला आधीच बजावा की आतला डेटा हवा आहे, नुसता चालू फोन नको.